माना टेकवण्याची वेळ

"कारण सांगा, चालू ठेवतो," शाळेच्या अध्यक्षांनी सभेत पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंना बसल्या जागी आडवं व्हावंसं वाटलं.

प्रश्न माना टेकवण्याचा होता. प्रार्थना झाली की सगळी शाळा डोकं टेकून थोडा वेळ गप्प पडे. मुलं बाकांवर, शिक्षक टेबलांवर. मगच हजेरी. वस्तीने वर्गणी काढून उभारलेल्या या शाळेची कौलं गेली, पत्रे आले, पण हे बदललं नव्हतं. आता अध्यक्षांना तो वेळ वाचनासाठी हवा होता. ते इमारतींचे ठेकेदार. रिकामी जागा त्यांना बघवत नसे, मग ती वेळापत्रकातली का असेना.

कारणांना तोटा नव्हता. सभेला आलेला वस्तीतला शिंपी म्हणाला, संस्थापक वारले तेव्हापासूनची प्रथा. नर्सच्या मते ती साथीत गेलेल्या मुलांसाठी. दोघंही बाईंच्याच हाताखालून गेलेली, तरी हमरीतुमरीवर आली. अध्यक्षांनी उद्यापर्यंतची मुदत दिली.

बाईंना कारण ठाऊक नव्हतं. त्या रुजू झाल्या तेव्हा घरी तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ते वर्ष कसं गेलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. माना टेकवणं मात्र अगदी पहिल्या आठवड्यापासून आठवत होतं. आणि पहिलीतली निम्मी मुलं आईबापांच्या कामाच्या पाळ्यांमुळे अर्ध्या झोपेतून उठून येतात, दिवसभरात तेवढाच वेळ त्यांच्यावर कोणी खेकसत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. सभेत त्यांनी तसं सांगितलंही. झोपायला घर आहे की, असं उत्तर मिळालं.

सभेतून त्या तडक जुन्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. सरांना ऐकू कमी येतं, असं सुनेने दारातच बजावलं. बाईंनी सगळं दोनदा सांगितलं.

"करू दे की बंद," सर म्हणाले. "त्या प्रथेचं काम झालं."

"सर, संस्थापक गेले तेव्हापासूनची प्रथा..."

"कसले संस्थापक? ते पेंगणाऱ्याला छडी मारायचे. ही मी सुरू केली. तुम्ही रुजू झालात त्याच आठवड्यात."

सरांनी सावकाश सांगितलं. शाळातपासणीचे साहेब न कळवता आले होते. दोघं बाईंच्या वर्गाच्या दारात पोचले, आणि सरांनी तिथूनच मुलांना खुणेने माना टेकवायला लावल्या. साहेबांना कानात म्हणाले, आमची जुनी प्रथा, शिक्षकही पाळतात. साहेब इतके खूश झाले की गावभर सांगत सुटले. मग ती रोज पाळणं भागच पडलं.

"पण सर, तेव्हा असं का केलंत?"

"का म्हणजे? तुम्ही टेबलावर डोकं ठेवून घोरत होतात, बाई."