मामितिस

"मामितिस? कुठल्या मामीला झाला?" फोनवर आईने विचारलं.

"मामीला नाही गं!" अमेरिकेतून शाल्मली खिदळली. मुलांच्या वागणुकीची इंग्रजी प्रश्नावली तिने स्पॅनिशमध्ये उतरवली होती आणि स्पॅनिश बोलणाऱ्या आयांना ती समजते का, हे तपासत होती. "मूल आईला सोडेना, की इथल्या बायका म्हणतात, मामितिस झालाय."

"तुला नव्हता बाई! बालवाडीत सोडलं, तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, भवाने!"

दुसऱ्या दिवशी आई झोपेतच गेली.

तेरावा उरकून शाल्मली कामावर परतली. समोरच्या बाईच्या पायाला तिचं पोरगं घोरपडीसारखं चिकटलं होतं. बाईने वैतागून विचारलं, "मोठेपणी जातो ना हो, हा मामितिस?"

"उलट वाढतो," शाल्मली म्हणाली. मग भर ऑफिसात चक्क मराठीत बोलली, "आई, रडत होते गं मी. म्हणून वळले नाही."