जेवल्याशिवाय शेरा नाही

मनकर्णाबाईंनी चौथ्या खाटेवरची चादर उचलली, गादीचा वास घेतला आणि चादर पुन्हा अंथरली. गादीला उन्हाचा वास होता. त्यांनी दोन म्हाताऱ्यांची नखे पाहिली, एकीच्या पाठीवरून हात फिरवला, माठात डोकावून पाहिले. दोष सापडत नव्हता. त्यामुळे त्या अधिकच सावध झाल्या होत्या.

मेहकरचा हा वृद्धाश्रम सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. तो चालू ठेवावा की बंद करावा, हे आश्रम चालवणाऱ्या मंडळाने सुलतानपूरच्या मनकर्णाबाईंच्या एका शेऱ्यावर सोपवले होते. त्यांचा नियम सर्वांना ठाऊक होता. पंगतीत बसून जेवल्याशिवाय त्या शेरा लिहीत नसत. म्हणून आज पहिल्या एस.टी.ने त्या उपाशीपोटी आल्या होत्या. पिशवीत खण आणि नारळ होता. परतताना देवळात देवीची ओटी भरायची होती.

"पानं वाढू का, बाई?" सोजराबाईंनी विचारले. आश्रमाचा स्वयंपाक, औषधपाणी, म्हाताऱ्यांच्या आंघोळी, सारे त्यांच्या शिरावर होते. वय चाळिशीचे. शिक्षक पतीसह त्या आश्रमातल्याच एका खोलीत राहत.

"वाढा."

वांग्याच्या भाजीचा वास ओसरीभर पसरला. अकरा म्हाताऱ्या पंगतीला बसल्या. तेवढ्यात मागच्या दारातून धूर आत आला. मनकर्णाबाई तरातरा मागच्या अंगणात गेल्या. तीन विटांच्या चुलीपुढे पंचाहत्तरीची एक म्हातारी भाकरी थापत होती. भाकरीची कड फाटली होती. धुराने डोळे वाहत होते.

"अकरा जणींले ताट, अन् बारावीले चूल?" मनकर्णाबाईंचा आवाज ओसरीपर्यंत गेला. "हेच का तुमचं सांभाळणं?"

सोजराबाईंनी मान खाली घातली.

"तिले कायले बोलता?" म्हातारी चुलीपुढून म्हणाली. "मी पिंपळगाव राजाची रुखमाबाई. हे सोजर माही लेक होय."

"मंग लेकीच्या हातचं काऊन खात नाही?"

"लेकीच्या घरचं कोनी खाते काय, बाई? नातू झाला असता तं खाल्लं असतं. नाही झाला. माह्या मायनं पाळलं, मी बी पाळतो."

"हे घर तिचं नाही. मंडळाचं आहे."

"लेक जिथं चूल पेटवते, जिथं निजते, थे लेकीचंच घर. मले नका शिकवू."

सोजराबाई हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाले, बाई. रोज ताट वाढतो अन् रोज परत नेतो. भाजीले फोडणी टाकली का माय इथूनच वास घेते अन् सांगते, आज तिखट कमी पडलं."

"पडतेच कमी," रुखमाबाई म्हणाल्या.

पंगतीतली एक म्हातारी फिस्सकन हसली. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांना स्वतःला पाच लेकी. थोरलीला मुलगा होईपर्यंत सहा वर्षे त्यांनी तिच्या घरी पाण्याला तोंड लावले नव्हते. रुखमाबाईंना चूक ठरवणे म्हणजे स्वतःलाच चूक ठरवणे होते, आणि मनकर्णाबाईंना तशी सवय नव्हती.

त्या सोजराबाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पाट आणा. हळदी-कुंकू आणा. मूठभर तांदूळ आणा."

सोजराबाईंना पाटावर बसवून त्यांनी कुंकू लावले. देवीसाठी आणलेला खण आणि नारळ पिशवीतून काढून त्यांची ओटी भरली.

"आजपासून हे माही लेक. पाच होत्या, सहा झाल्या. रुखमाबाई, आता हे घर माह्या लेकीचं. तुमच्या लेकीचं नाही. इथं जेवाले तुमाले काही बाध नाही. उठा, बसा पंगतीत."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "न विचारता लेक घेऊन टाकली काय, बाई?"

"घेतली."

"अन् तिचं दिवाळीचं लुगडं-चोळी?"

"सुलतानपूरहून येईल."

"मंग ठीक हाये," म्हणत रुखमाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

त्या पंगतीत बाराव्या बसल्या. सोजराबाईंनी वाढले, वाढताना पळी ताटाच्या काठावर वाजत होती. रुखमाबाईंनी पहिला घास तोंडात घातला. सगळ्या पंगतीचे हात थांबले होते.

"तिखट कमीच हाये," त्या म्हणाल्या, आणि ताट दुसऱ्या भाकरीसाठी पुढे केले. मग तिसऱ्या. सोजराबाई हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या, आणि पुन्हा वाढत होत्या.

मनकर्णाबाई समाधानाने पाटावर बसल्या. भूक आता आवरत नव्हती. समोर ताट आले. वांग्याची भाजी, वरण, ज्वारीची ऊन भाकरी, वर लोण्याचा गोळा.

"जेव, माय," सोजराबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंचा हात घासाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी ताटाकडे पाहिले. सोजराबाईंच्या ओटीतल्या नारळाकडे पाहिले. मग हात हळूहळू मागे घेतला.

हे सर्वांत आधी रुखमाबाईंना उमगले. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तशाच उठून मागे गेल्या आणि फाटक्या कडेची ती भाकरी मिरचीच्या ठेच्यासह मनकर्णाबाईंपुढे ठेवून म्हणाल्या, "घ्या, बाई. हे माह्या चुलीवरची हाये."

मनकर्णाबाईंनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग हात धुऊन, चष्मा लावून, आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडून शेरा लिहिला: "आश्रम चालू ठेवावा. येथील जेवण मी चाखलेले नाही. लेकीचे घर आहे."