पुसणारं दार

थिएटरच्या बाहेर पडायच्या दाराशी निर्माती हेमांगी दळवी येरझाऱ्या घालत होती. प्रेक्षकांच्या डोक्यातला सिनेमा कॉपी करून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हापासून हे दार बाहेर पडणाऱ्याच्या मनातून सिनेमाच पुसून टाकायचं. चोरी साफ बंद झाली होती. तरी आज रविवारीही खुर्च्या रिकाम्याच!

एक बाई डोळ्यांना पदर लावत दारातून बाहेर आल्या.

"मावशी, कसा वाटला?" हेमांगीनं घाईघाईनं विचारलं.

"काय कसा वाटला?" त्यांनी ओल्या गालांना हात लावला. "अगं बाई! मी रडतेय कशाला?"

हेमांगीनं दाराची वायरच उपटली.

"चला मावशी, पुन्हा बघा. या खेपेला घरी घेऊन जा. विकलात तरी चालेल, पण कुणाला तरी सांगा!"