पंखवाला

चंद्राबाईंकडे भाड्यानं राहणारी क्षितिजा मुंग्यांवर संशोधन करते. काल तिनं त्यांना एका बाटलीत दोन किडे दाखवले. एक परसातली लष्करी मुंगी, ना डोळे, ना पंख. दुसरा दिव्यावर झेपावलेला, टपोऱ्या डोळ्यांचा, पंखवाला, गांधीलमाशीएवढा.

"मावशी, हे दोघं एकाच घरातले, मोठा तो नर. पण कुणाला कधी एकत्र दिसलेच नाहीत, म्हणून पुस्तकांत कित्येक वर्षं ह्या पंखवाल्याची नोंद वेगळी जात म्हणून होती."

"मग?"

"मग कुणालातरी एकाच रांगेत सापडले. तेव्हा नोंद एक झाली."

चंद्राबाईंनी बाटली हातात घेऊन दिव्याजवळ धरली.



"माझा ल्योक बावधनला ऱ्हातो. दिवाळीला फराळ न्यायला येतो, पण गाडीतनं उतरत न्हाई. तेवढं एकत्र धरत्यात का गं?"