डावा हात

तपासणीच्या तासाचा नियम यान बाईंनी आठवडाभर वर्गाकडून घोटून घेतला होता. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई उजव्यालाच उठवणार.

'घरची अडचण सोडवा' या प्रकल्पात सूयुनची घंटी सरस ठरली होती. तिचे आईबाप दूर ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यात, घरी ती आणि अधू आजोबा. आजोबा खाटेवरून उठू लागले की गादीखालच्या तारेमुळे स्वयंपाकघरात घंटी वाजायची. तयारीसाठी बाईंनी ती आठवड्यापूर्वीच शाळेत मागवून घेतली होती.

साहेबांनी घंटी वाजवून पाहिली. "मग आता आजोबा पडत नाहीत ना?"

चाळीस हात वर गेले. सूयुनचा डावा. बाईंनी उजवा हात वर केलेल्या पोवेनला उठवलं.

"कध्धीच नाही, साहेब!"

टाळ्या कडाडल्या. साहेबांनी तिथल्या तिथे घंटीला पहिला नंबर दिला.

पाहुणे जाताच बाई सूयुनवर खेकसल्या, "घंटी तुझी, आजोबा तुझे, आणि डावा हात काय वर करतेस गं?"

"आजोबा परवा पडले, बाई. घंटी इथे होती. अजून डोळे उघडले नाहीत त्यांनी." सूयुनने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "हे उत्तर कुठल्या हाताने द्यायचं?"

बाईंनी घंटी पुन्हा खोक्यात भरली. सोमवारी ती जिल्ह्याच्या साहेबांना दाखवायची होती.

"डाव्यानेच," त्या म्हणाल्या.