मूठभर साखर

"वयनी, यात साखर टाका," हेमराज म्हणाला.

प्रमिलाबाई हसल्या. धाकट्या दिराचे असले लाड त्या पुरवणाऱ्या नव्हत्या. "रीताचा फोन आलता मघाशी. 'बाई, ते आले की साखरेले हात लावू देऊ नोका' म्हणे. प्या तसाच."

म्हणजे बायकोने वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत बसून तळेगावचा चहासुद्धा फिका करून ठेवला होता. हेमराज पहाटे घरून निघून सत्तरेक किलोमीटर सायकल मारत भावाच्या दारात येऊन टेकला होता. आर्वी सोडल्यापासून वारा तोंडावर होता. पायांचे तुकडे पडले होते. पुढच्या महिन्यात एका दिवसात दोनशे किलोमीटर पुरे करायचे, त्याची ही तयारी. डायबेटिस आटोक्यात ठेवायचा तर वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले आणि याने ते फारच मनावर घेतलं. पोट गेलं, पट्ट्याला नवी भोकं पडली, आणि याला झालंय तरी काय, असं निम्मं गाव विचारू लागलं.

खिशातला खजूर वाऱ्याशी भांडता भांडता वाटेतच संपला. लांब जायच्या दिवशी इन्सुलिन कमी घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज नेमकं सवयीने पूर्ण घेतलं गेलं होतं.

आता कप हातात ठरत नव्हता. मानेवरून गार घाम उतरत होता. भाऊ शेतात गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. समोरची खोली वेचलेल्या कापसाने निम्मी भरलेली होती. त्या ढिगाला पाठ लावून तो खालीच बसला.

"साखर द्या वयनी. चेष्टा नाई करून राह्यलो."

"मीही नाई करून राह्यली. जिभेले आवर घाला जरासा."

वाद घालायला लागणारी ताकद त्याच्याकडे नव्हती. त्याने कमरेच्या पिशवीतून साखर मोजायची मशीन काढली, बोटाला टोचलं आणि आकडा त्यांच्यापुढे धरला. अठ्ठेचाळीस.

प्रमिलाबाईंचा चेहरा उजळला. "अठ्ठेचाळीस! अन् तुमच्या भावाची दोनशेच्या खाली उतरत नाई. जितलं नं भाऊजी तुम्ही! मंग आता साखर खाऊन सारी मेहनत पान्यात काऊन घालता? थांबा, मेथीचं पानी हाय भिजोलेलं. थे देतो."

त्या खरंच मेथीचं पाणी घेऊन आल्या. पेला त्याच्या ओठांना लावू लागल्या. माया अशी की जीव घेऊनच थांबेल.

हेमराजला सांगायचं होतं की कमी म्हणजे चांगलं नव्हे, पण शब्द सापडत नव्हते. सापडले तरी तोंडापर्यंत येईनात. कापूस पाठीला मऊ लागत होता. डोळे मिटावेत, कोणाला काही समजावू नये, उद्याही सायकलवर बसू नये, असं वाटलं. तेवढ्या वाटण्यानेच तो घाबरला. त्याने पेला ढकलला. मेथीचं पाणी कापसावर सांडलं आणि प्रमिलाबाई ओरडल्या.

"वयनी," त्याने त्यांचा पदर पकडला. जीभ जड झाली होती. "वाढली तं मानूस हळूहळू मरते. कमी झाली तं आत्ताच. मी... आत्ता..."

आता कुठे त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे, अंगातली जर्सी पिळून काढावी इतकी ओली. त्या आत धावल्या, डबा घेऊन आल्या आणि मूठभर साखर त्याच्या तळहातावर ओतली. निम्मी साखर मांडीवर सांडली. मग त्यांनीच त्याचं मनगट धरून हात तोंडाशी नेला.

तो साखर चघळत राहिला. वर पाणी प्यायला. हळूहळू छातीतली धडधड उतरली, बाजूचा कापूस पुन्हा कापूस दिसू लागला. बाहेर भिंतीला टेकलेली सायकल दिसली. परत जायचं नाव काढायची इच्छा नव्हती.

"बरं वाटून राह्यलं," तो म्हणाला. "भेलो होतो मी."

प्रमिलाबाई डबा मांडीवर घेऊन त्याच्या कपाळावरचा घाम बघत होत्या.

"मामाजीलेही असाच सुटलता," त्या म्हणाल्या.

मामाजी म्हणजे हेमराजचे वडील. तेही इन्सुलिन घेत. चार वर्षांपूर्वी एका दुपारी याच घरात गेले. हेमराज तेव्हा वर्ध्याला होता. साखर वाढली असेल, असं सगळे म्हणाले आणि कोणी अधिक विचारलं नाही.

"असाच पदर धरलता माहा. साखर मांगत होते. मले वाटलं, म्हाताऱ्याले गोडाचा सोस." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "मी नाई देल्ली, भाऊजी."

हेमराजला सगळं कळलं. खरं सांगायचं तर काही सांगायचीच गरज नव्हती. मशीन अजून दोघांच्या मध्ये पडलेली होती.

"नाई वयनी," तो म्हणाला. "बाबाची तं वाढलेलीच होती. डॉक्टर बोलले होते मले."

कुठलाही डॉक्टर त्याच्याशी काही बोलला नव्हता. प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, ते कळलं नाही. त्यांनी डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ त्याच्यापुढे धरली.

"घ्या."

"बस झाली वयनी. आता जास्त होईन."

"घ्या नं," त्या म्हणाल्या. हात मागे जाईना.

हेमराजने ओंजळ पुढे केली आणि ती साखरही सगळी खाल्ली.