भिंतीआतला बसथांबा

तिसरी सोसायटी ताईंना मुळीच आवडली नाही.

पहिलीत फाटक नावालाच होतं. रखवालदार खुर्चीत पेंगत होता. कुणीही यावं, कुणीही जावं. दुसरीत आभाळाला टेकलेले टॉवर, आणि कार्ड लावल्याशिवाय लिफ्टसुद्धा हलेना. ताईंनी दोन्हींना नाक मुरडलं होतं. आणि ही? चहूबाजूंनी उंच भिंत, आत बैठी घरं, बाग, दुकान, दवाखाना. सगळं आतच.

"खुराड्याला रंग दिला म्हणून त्याचा बंगला होतो का गं?" त्या म्हणाल्या.

धाकटी बहीण नुसती हसली.

तिच्यासाठीच ही वणवण चालली होती. धाकटी एकटी राहायची आणि अलीकडे फार विसरायची. गॅसवर दूध ठेवून झोपली. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून वाचली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या ताईंनी तेव्हाच कंबर कसली. हिला सुरक्षित जागी ठेवल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

"नमस्कार ताई," रखवालदार अदबीनं म्हणाला.

"बघ, गोड बोलून गळ्यात मारतात," ताई कुजबुजल्या.

त्या बागेतल्या वाटेनं निघाल्या. वाट वळली, पुन्हा वळली आणि निघाल्या होत्या तिथेच त्यांना घेऊन आली. त्यांनी दुसरी धरली. तीही तिथेच आली. खिडक्याखिडक्यांतून माणसं ओळखीचं हसत होती. ताई थबकल्या.

"इथलं कुणी बाहेर जातच नाही का गं?"

धाकटीचे डोळे भरून आले होते. "ताई, तुला इथे बरं वाटतं ना?"

"मला काय विचारतेस? राहायचंय तुला!"

धाकटीनं त्यांचा हात उचलून गालाला लावला. लहानपणी ताप आला की ती असंच करायची. "तू इथे बस हं. मी गाडी घेऊन येते."

तिच्यासाठी फाटक उघडलं आणि लगेच मिटलं.

बाजूलाच बसथांबा होता. छप्पर, बाक, पाटी, सगळं जिथल्या तिथे. पण समोर रस्ता नव्हता. हिरवळ होती आणि तिच्यापलीकडे भिंत. बाकावर एक मध्यमवयीन बाई विणत बसली होती. ताईंना सोबत बरी वाटली.

"धाकटीला जागा बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "सगळं विसरते हो बिचारी. पण खरं सांगू? तिला इथे ठेवायचं माझ्या जिवावर आलंय."

बाईनं विणकाम बाजूला ठेवलं आणि ताईंच्या स्वेटरचं सुटलेलं बटण मायेनं लावलं.

"कालही असंच म्हणालात, ताई. चला, तुमच्या खोलीत जाऊ."